दिवा लावल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याकडे वावधान आलं. तापीकाठच्या केळीच्या बागा तासाभरात आडव्या झाल्या, दोन मोठे निंब तारांवर पडले आणि गावाची लाईट गेली ती तीन रात्री आलीच नाही. पहिली रात्र इन्व्हर्टरवर निघाली. दुसऱ्या दिवशी दुपारी तोही बसला. मग मी माळ्यावरून माझे दोन्ही दिवे खाली काढले, काचा पुसल्या आणि संध्याकाळी ओसरीत मेंटलचा, म्हणजे ज्योतीवर कापडी जाळी बसवलेला, दिवा लावला. शेजारपाजारच्या बाया बघायला आल्या, कुणीतरी फोटो काढला, आणि तो फोटो नातेवाइकांच्या ग्रुपवर फिरला.

दोन दिवसांनी धाकट्या नणंदेच्या मुलीचा फोन आला. "मामी, मी पण मागवला तसाच दिवा. आज आला. रात्री लावून बघते." मी विचारलं, तेल कोणतं आणलंस? म्हणाली, "इथे रॉकेल मिळत नाही, म्हणून यांनी गाडीतलं थोडं पेट्रोल काढून ठेवलंय." माझ्या हातातला पेला तसाच राहिला. तिला म्हटलं, तो दिवा उचलून कपाटात ठेव आणि पेट्रोल आधी घराबाहेर काढ. नंतर अर्धा तास बोलले. त्या अर्ध्या तासात जे सांगितलं ते आणि जे सांगायचं राहिलं ते, दोन्ही इथे लिहून ठेवते आहे.

माझ्याकडे दोन दिवे आहेत. एक सासरचा, एक माहेरचा.

सासरची ती पंप मारायची बत्ती, पेट्रोमॅक्सच्या जातीची, पाचशे कँडल पॉवरची. माझे सासरे, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो, लग्नांना आणि जागरणांना बत्त्या भाड्याने द्यायचे. मी १९८६ साली लग्न होऊन चोपडा तालुक्यातल्या या गावात आले तेव्हा आमच्या धाब्याच्या घरात मागच्या खोलीत एका दांडीला अकरा बत्त्या टांगलेल्या असायच्या. गावात वीज होती, पण वरातीला, वहीगायनाच्या कार्यक्रमाला, शेतातल्या भरिताच्या जेवणाला बत्तीच लागायची. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमची खानदेशातली देवी कानबाई बसायची, रात्रभर जागरण, आणि सोमवारी बाईला नदीवर न्यायचं. त्या रविवारी आमच्याकडे एकही बत्ती शिल्लक नसायची, आणि आबा घरोघर फिरून प्रत्येक बत्तीला स्वतः पंप मारून यायचे. नंतर जनरेटर आले, हॅलोजन आले. अकरातली एक मी ठेवली.

माहेरचा दिवा अॅलॅडिन कंपनीचा. टेबलावर ठेवायचा, पितळी टाकीचा, उंच काचेचा. आईचे वडील भुसावळला रेल्वेत होते. १९४७ साली त्यांचे साहेब विलायतेला परत निघाले तेव्हा बंगल्यातलं सामान विकायला काढलं, त्यात हा दिवा आजोबांनी घेतला. आईने याच उजेडात मॅट्रिकचा अभ्यास केला. मला रुखवतात भांडी मिळाली त्यात आईने हा पण ठेवला.

दोन्हींत मेंटल आहे, आमच्याकडे नुसतं जाळी म्हणतात. पण दोघांचा स्वभाव वेगळा. बत्तीच्या टाकीत हवा दाबून भरायची, तेलाची वाफ होऊन ती जाळीत जळते, आणि सू-सू आवाज सतत येत राहतो. अॅलॅडिनला पंप नाही, आवाज नाही. त्याला गोल वात असते, वातीच्या मधोमध छिद्रांची एक टोपी बसते, आणि उंच काचेमुळे खालून हवा ओढली जाते. हवा भरपूर मिळाली की ज्योत पिवळी न राहता निळी होते. निळ्या ज्योतीला उजेड फारसा नाही, पण आंच फार. ती आंच जाळीला लागली की जाळी पांढरीशुभ्र पेटते. साधारण साठ वॉटच्या बल्बएवढा उजेड पडतो, एकाच वातीवर.

या उन्हाळ्यात नात आली होती, नऊ वर्षांची. तिने विचारलं, "आजी, कापड आहे ना ते? मग जळून जात का नाही?" फार चांगला प्रश्न. कापड जळतंच. नवीन जाळी पहिल्यांदा पेटवली की भस्सकन जाळ होतो आणि सूत निघून जातं. पण ते सूत थोरियम आणि सेरियमच्या क्षारांत भिजवलेलं असतं, त्यांची राख त्याच विणीच्या आकारात उभी राहते. आपण बघतो तो उजेड त्या राखेचा. ऑस्ट्रियाच्या कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली अशा जाळीचं पेटंट घेतलं. पहिल्या जाळ्यांचा उजेड हिरवट पडायचा, लोकांना आवडला नाही. १८९१ मध्ये त्याने ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम ऑक्साइड हे प्रमाण बसवलं आणि पांढरा उजेड मिळाला. थोरियम आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावरच्या मोनाझाइट वाळूत सापडतं. आणि आपल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नूरी' नावाचा मेंटलचा कंदील बनवला होता, शंभर वॉटच्या बल्बइतका उजेड देणारा. खेड्यातल्या घरासाठी कुणीतरी इतका विचार केला, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

आबांना थोरियम माहीत नव्हतं. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बत्ती दाखवून सांगितलं होतं, "पोरी, ही राख शे. फुंकर मारशी ते उडी जाई." जळलेल्या जाळीला बोट लागलं, काडी लागली, दिवा टेबलावर जरा आपटला, की ती फुटलीच. म्हणून पेटत्या दिव्यासकट इकडून तिकडे फिरायचं नाही. जाळी फुटली तर दिवा लगेच विझवायचा. भोकातून ज्योत थेट काचेवर जाते आणि एका जागी तापून काच तडकते.

त्या राखेबद्दल एक गोष्ट आबांना ठाऊक नव्हती ती मी नंतर शिकले. थोरियम किरणोत्सारी आहे. अगदी मंद, दिवा लावून शेजारी बसल्याने घाबरण्यासारखं काही नाही, पण ती धूळ नाकातोंडात जाता कामा नये. तुटलेली जाळी मी खिडकी उघडून, ओल्या कागदाने टिपून घेते, कागद पिशवीत बांधून टाकते आणि हात साबणाने धुते. मुलांना जाळी खेळायला देत नाही. हल्ली यिट्रियमच्या जाळ्या मिळतात, त्यांत थोरियम नसतं. पाकिटावर लिहिलेलं असतं, वाचून घ्या.

आता तेल. यात तडजोड नाही. दिव्यात रॉकेल, म्हणजेच घासलेट, किंवा दिव्यासाठीच विकतात ते बिनवासाचं, बिनरंगाचं पॅराफिन तेल. पेट्रोल नाही, थिनर नाही, टर्पेंटाइन नाही, "थोडंसं मिसळलं तर काय होतंय" हेही नाही. रॉकेलची वाफ साधारण ३८ अंशांच्या वर तापल्याशिवाय ठिणगीने पेट घेत नाही. पेट्रोलची शून्याच्या खूप खालीही घेते. चमचाभर पेट्रोल पडलं तरी टाकीतल्या मोकळ्या जागेत पेटणारी वाफ भरते, आणि दिवा चालू असताना ती टाकी गरम होत असते. एका वर्षी भेसळीचं रॉकेल आमच्या घरी आलं होतं, कुणाकडून ते सांगत नाही. बत्तीत भरून आबांनी काडी लावली तर ज्योत हातभर उसळली. त्यांनी हवेचा स्क्रू सोडला आणि बत्ती पायाने अंगणात लोटली म्हणून निभावलं. मनगटावरचे केस जळाले. त्यानंतर तेल आलं की आबा दोन थेंब तळहातावर चोळून वास घ्यायचे. रॉकेलचा वास जड, तेलकट, आणि हात बराच वेळ ओलसर राहतो. डोक्यात जाणारा वास आला आणि हात झटकन कोरडा, गार पडला, तर तो डबा परत. सुगंधी आणि रंगीत दिव्याचं तेल घातलं तर आग नाही लागणार, पण मेंटलच्या दिव्याची वात महिनाभरात चोंदते.

तेल कशात ठेवता हेही तितकंच महत्त्वाचं. १९९३-९४ ची गोष्ट असेल. शेजारचा अडीच वर्षांचा मुलगा. थंड पेयाच्या बाटलीत रॉकेल भरून चुलीशेजारी ठेवलं होतं, मे महिना, पोराला तहान लागलेली, त्याने तोंडाला लावलं. घरात आरडाओरडा, एक जण मिठाचं पाणी घेऊन धावली, उलटी करवायला. सुदैवाने आमच्या आळीतल्या नर्सताई घरी होत्या, त्यांनी तो पेला हातातून काढून घेतला. रॉकेल पोटापेक्षा फुप्फुसात जास्त घात करतं, आणि उलटी करवली की नेमकं तिकडे जातं. उलटी करवायची नाही, मूल तसंच उचलून दवाखान्यात न्यायचं. तो मुलगा तीन दिवस दवाखान्यात होता, वाचला, आता त्यालाच दोन मुलं आहेत. माझ्याकडे तेव्हापासून रॉकेल फक्त पत्र्याच्या कॅनमध्ये, बाहेरच्या कोनाड्यात, कडी लावून.

भरायचं दिवसाउजेडी, दिवा पूर्ण थंड असताना. टाकी पाऊणच, तेल तापून फुगतं त्याला जागा हवी. सांडलेलं पुसून, चिंधी बाहेर टाकून, मगच काडी.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसले ते. अॅलॅडिन लावायचा कसा.

आधी वातीच्या मधली टोपी नीट बसली आहे का बघा. तिच्या छिद्रांत पावसाळ्यात किडे मरून पडतात, मी ब्रशने झटकते. मग जाळी आणि काच ज्या कड्यात बसते ते कडं फिरवून वर काढायचं. वात किंचित वर करून काडी लावायची, आणि ज्योत सगळ्या वर्तुळाला फिरू द्यायची. एक बाजू पेटली, एक नाही, असं चालत नाही. मग वात खाली, अगदी बारीक, आणि कडं अलगद परत बसवून फिरवून घट्ट करायचं. जाळी हळूहळू उजळायला लागते, आधी एका कडेला, मग गोल.

इथे प्रत्येकाला वाटतं, उजेड कमी आहे, वात जरा चढवू. चढवू नका. दिवा थंड आहे. जसजसं पितळ तापतं तसतशी तेलाची वाफ वाढते आणि ज्योत आपोआप वर चढते, तुम्ही हात न लावता. थंड दिव्यात डोळ्याला बरी वाटलेली ज्योत दहा मिनिटांनी जाळीच्या वर गेलेली असते. म्हणून पंधरा मिनिटं बारीक ठेवायची, मग थोडी, मग आणखी थोडी, आणि पूर्ण उजेडाच्या एक पायरी अलीकडे थांबायचं. या वेळात दिव्यापाशी बसायचं. आबांचा शब्द होता, "दिवा लाईसनी उठानं नही," म्हणजे दिवा लावून उठायचं नाही. तो त्यांनी बत्तीसाठी सांगितला होता. या शांत दिव्याला तो जास्त लागू आहे, कारण बत्ती बिघडली की ओरडते, अॅलॅडिन बिघडतो तेव्हा काही आवाज करत नाही.

मी एकदा उठले. २००९ चा हिवाळा, रोज दहा-बारा तास भारनियमन. दिवा लावला, वात जरा जास्तच चढवली, आणि चुलीवर दूध आहे म्हणून आत गेले. दूध उतू गेलं होतं, ते पुसत बसले. परत आले तर खोलीत धूर, जाळी काळीकुट्ट, आणि काचेच्या तोंडातून वीतभर लाल जीभ बाहेर येत होती. तिच्या बरोबर वर सागाची तुळई. हात थरथरत होते, पण एक बरं केलं, दिवा उचलला नाही आणि फुंकर मारली नाही. चाकी फिरवून वात तळापर्यंत खाली घेतली आणि ओली गोणपाटाची पोती हातात धरून उभी राहिले. दीड-दोन मिनिटांत जीभ आत गेली. तुळईवरचा तो काळा डाग मी घासून काढलेला नाही. नवीन कुणी दिवा शिकायला आलं की आधी तो दाखवते.

काजळी थोडीच असेल, जाळीवर एक-दोन काळे ठिपके, तर काही बिघडलेलं नाही. वात खाली घ्या आणि थांबा. बारीक ज्योतीवर काजळी स्वतःच जळून जाते, दहा मिनिटांत जाळी परत पांढरी होते. काडीने खरवडायला गेलात की जाळी गेली. तेच ठिपके रोज एकाच जागी येत असतील तर वात सारखी नाही. थंड दिव्यात वातीची जळलेली कड पुसून सपाट करायची, कात्रीने कापायची नाही.

आंच किती, याचा अंदाज नव्या माणसाला येत नाही. एक लिटर रॉकेलमध्ये जवळपास दहा युनिट विजेइतकी ऊर्जा असते, आणि हा दिवा ते लिटर दहा-बारा तासांत जाळतो. म्हणजे टेबलावर आठ-नऊशे वॉटची शेगडीच ठेवली म्हणा. काचेच्या तोंडावर कागद धरला तर तो पेटतो. वर तीन फूट तरी मोकळं हवं. मच्छरदाणी, पडदा, कॅलेंडर, टांगलेली टोपली, काही नको. पौष-माघात ही ऊब हवीहवीशी वाटते. वैशाखात, पारा ४५ च्या पुढे असताना, मी हा दिवा घरात लावत नाही, अंगणात पण वारा नसला तरच. आणि बायांनो, पदर. नायलॉनचा, जॉर्जेटचा पदर दिव्याजवळ जाताना खोचून घ्या. सुती साडी पेटते, पण ही कापडं वितळून अंगाला चिकटतात. भाजलंच तर वाहतं गार पाणी, वीस मिनिटं, टूथपेस्ट नाही, शाई नाही, हळद नाही.

पंपाच्या बत्तीचं थोडक्यात सांगते, ती मी घरात लावतच नाही. टाकीत पंप मारण्याआधी कपातलं स्पिरिट पूर्ण जळू द्यायचं, म्हणजे वरची नळी तापते. नळी थंड असताना घाई केली तर वाफेऐवजी कच्चं तेल बाहेर येतं आणि बत्ती पिवळी भडकते. आबा अशा वेळी पोरांना हात धरून थांबवायचे, "थांब, तिले गरम व्हऊ दे." गरम कपात बाटलीने परत स्पिरिट ओतायचं नाही, त्याची ज्योत दिवसा दिसत नाही आणि धारेवरून बाटलीत चढते. काहीही बिघडलं तर पहिलं काम हवेचा स्क्रू सोडणं. पेटत्या बत्तीचं टाकीचं झाकण कधीच उघडायचं नाही.

दोन्ही दिव्यांना खिडकी उघडी हवी. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड झालं, मळमळलं की आधी बाहेर या. दिवा चालू ठेवून झोपणं तर नाहीच, लहान बाळ असलं, आजारी माणूस असलं तरी नाही. त्या वेळी बॅटरीचा दिवा ठेवा. वाळूची बादली आम्ही कायम ओसरीत ठेवतो. पेटलेल्या रॉकेलवर पाणी टाकलं तर तेल पाण्यावर तरंगून आग पसरते.

नणंदेच्या मुलीने शेवटी बंगळूरहून पॅराफिन तेल मागवलं. परवा व्हिडिओ कॉल लावून दिवा लावला. मी इकडून बघत होते. ती म्हणाली, "मामी, जाळी अर्धीच उजळली आहे, वाढवू का?" म्हटलं, नको, काय केलंस ते सांग आज दिवसभरात. तिने सांगितलं, ऑफिस, मुलाची शाळा, शेवभाजीला तिखट जास्त झालं. बोलता बोलता जाळी भरली. मग तिला एक पायरी वात चढवायला सांगितली. रात्री साडेनऊला तिने विझवला तेव्हा मी फोन ठेवला नाही. वात खाली घेतल्यावर आत एक निळी कड थोडा वेळ फिरत राहते, ती गेलेली डोळ्याने बघायची असते. काचेला हात मात्र सकाळीच लावायचा.